वेळापत्रकबाई आणि दोन जावांच्या मुली

शिकवणीतली मुलं त्यांना मागे 'वेळापत्रकबाई' म्हणत आणि तोंडावर नुसतं 'बाई'. शाळेतली नोकरी संपल्यावर रिकामं बसून त्यांचे हात शिवशिवायला लागले, म्हणून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी काढली. एक लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, भिंतीवर फळा, आणि दारात चपलांशेजारी झाकणाचा एक पत्र्याचा डबा. आलेल्या प्रत्येकाने मोबाइल त्या डब्यात टाकायचा. डबा मधूनच थरथरायचा, गुरगुरायचा, पण शिकवणी सुटेपर्यंत झाकण काही उघडायचं नाही. एकदा मुलाला न्यायला आलेल्या एका वडिलांनी धाकाने आपलाही फोन त्यात टाकला आणि तो तिथेच विसरून ते घरी गेले.

बाईंचा सिद्धांत अगदी सरळ होता. जगात ढ मूल नसतं, बेशिस्त मूल असतं. रोज एकाच जागी, एकाच वेळेला बूड टेकलं की अक्कल आपण होऊन शेजारी येऊन बसते. "अभ्यास म्हणजे दात घासणं," त्या म्हणायच्या. "आज घासायचा मूड आहे का, असं दातांना कोणी विचारतं का?" नवीन मूल आलं की पहिल्याच दिवशी त्याचं रंगीत वेळापत्रक तयार व्हायचं. बाईंच्या यजमानांचंही एक होतं, फ्रिजवर चिकटवलेलं. चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झालेले यजमान रोज सकाळी त्याच्याकडे बघून "छान काढलंयस हो" म्हणत आणि मग दिवस आपल्याच चालीने घालवत.

अशा या बाईंकडे एका संध्याकाळी पडद्यांच्या दुकानातल्या दोघी जावा आल्या. खाली दुकान, वर घर, दोघींची शिलाई मशिनं एकमेकींसमोर आणि स्वयंपाकघर एकच, त्यामुळे त्या भांडतही एकत्र आणि बाहेर पडतही एकत्र. दोघींच्या मागे एकेक मुलगी होती. दोघी चुलत बहिणी, एकाच शाळेत, सातवीच्या एकाच वर्गात, आणि दोघींचे गुण सारखेच तळाला गेलेले.

"बाई, माझ्या मुलीला काहीतरी आहे," थोरली जाऊ बसायच्या आतच म्हणाली.

"काय आहे?"

"लक्ष न लागण्याचा विकार. मी व्हिडिओ बघितला. त्यात दहा लक्षणं सांगितली होती, हिच्यात अकरा आहेत."

तिच्या मुलीला घरात बुलबुल म्हणत, कारण ती एका फांदीवर क्षणभर टिकत नसे. एवढं बोलणं होईपर्यंत ती बाकाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचली होती आणि खडूचा डबा उघडून बघत होती.

"आणि तुमच्या मुलीला?" बाईंनी धाकटीला विचारलं.

"हिला काही नाही. आळस आहे नुसता," धाकटी म्हणाली. "तोंडी विचारा, सगळं घडाघडा सांगेल. लिहायला बसवा, की हात गळाले. वाचायला सांगा, की डोळे दुखतात. मन म्हणून लावत नाही."

ही दुसरी, मुंगी. अंगाने एवढीशी, बोलणं कमी, दप्तरात सगळ्या पेन्सिली टोक करून ओळीने लावलेल्या. ती मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली.

बाईंनी आधी बुलबुलला जवळ बोलावलं. "झोपतेस कधी?"

"लवकर."

"आणि मोबाइल कुठे झोपतो?"

बुलबुलने आईकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि शेवटी खरं सांगितलं. "उशीखाली. पण तो जास्त वेळ जागाच असतो."

बाईंना जे कळायचं ते कळलं. दोन वेळापत्रकं झाली आणि दोघींची शिकवणी सुरू झाली.

बुलबुलचं गाडं बघता बघता रुळावर आलं. ती आजवर पलंगावर लोळून, समोर टीव्ही लावून, परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करत आली होती. बाईंनी आधी उशीखालचा फोन हुसकावून आईच्या कपाटात नेला. मग तिला टेबलाशी बसवलं, पण तासन्तास नाही. थोडं वाचायचं, पुस्तक मिटायचं, काय वाचलं ते स्वतःलाच विचारायचं, मग अंगणात एक चक्कर मारून यायचं. झोप पुरी व्हायला लागली तशी तिची चुळबुळ कमी झाली. चाचणीत चांगले गुण मिळाले. थोरलीला आनंद झाला, पण किंचित फसल्यासारखंही वाटलं, कारण तिने त्या विकाराबद्दल माहेरी-सासरी सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

बाईंची छाती फुगली. "बघा," त्या यजमानांना म्हणाल्या, "विकार म्हणे. विकार उशीखाली होता."

मुंगीची गंमत मात्र उलटी होती. तिला काही लावावंच लागलं नाही. ती वेळेवर यायची, ठरल्या जागी बसायची, सांगितलेलं सगळं करायची. वेळापत्रकावरचा एकही चौकोन तिने कधी रिकामा सोडला नाही. बाईंच्या उभ्या हयातीत इतकी शिस्तीची मुलगी आली नव्हती. आणि तरी चाचणीत तिचे गुण आणखी घसरले. कागदावर 'धन' लिहायचं तिथे 'घन', 'भाजी'च्या जागी 'माजी', वेलांट्या कुठेही उगवलेल्या, जोडाक्षरं मोडून पडलेली.

बाईंना हा स्वतःचाच अपमान वाटला. त्यांनी मुंगीचा वेळ वाढवला. रोज एक पान शुद्धलेखन, चुकलेला शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा. मुंगी लिहायची, आणि तोच शब्द दुसऱ्या दिवशी नव्या तऱ्हेने चुकवायची. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" बाई विचारायच्या. "इथेच," ती म्हणायची, आणि ते खरं होतं. यजमानांनी आपली जुनी अक्षरांची पाटी काढून तिची नजर तपासली. नजर शंभर नंबरी निघाली. पाटीवरचं सगळ्यात बारीक अक्षरही तिला दिसत होतं, फक्त ते कोणतं ते सांगायला वेळ लागत होता. तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

हळूहळू मुंगीच्या पोटात दुखायला लागलं. नेमकं शुद्धलेखनाच्या वेळी दुखायचं आणि ते संपलं की थांबायचं. धाकटीने कपाळावर हात मारला. "आता नाटकंही शिकली. बाई, तुम्ही दोन फटके द्या, माझी ना नाही."

फटके बाईंनी कधी कोणाला दिले नव्हते. त्यांनी आणखी वेळ वाढवला.

"आणखी वाढवलास तर ती अंथरूण घेऊनच येईल," यजमान म्हणाले.

"मग काय करू? सोडून देऊ?"

"मला काय विचारतेस? मी चष्मे विकायचो."

अशातच एका संध्याकाळी ती गोष्ट झाली. दिवस मावळून गेला होता, बाहेर अंधारून आलं होतं. टेबलाभोवती मुलं गोलाने प्रकट वाचन करत होती. प्रत्येकाने भूगोलाच्या धड्यातला एक परिच्छेद वाचायचा, मग पुढच्याने. बुलबुलने भरभर आपला उरकला. मुंगीची पाळी आली. ती उठून उभी राहिली, पुस्तक दोन्ही हातांत धरलं, आणि स्पष्ट आवाजात वाचायला लागली. 'नदी डोंगरात उगम पावते तेव्हा तिचा प्रवाह वेगवान असतो.' बाईंनी समाधानाने मान डोलावली. आणि तेवढ्यात वीज गेली.

खोलीत मिट्ट काळोख. कोणीतरी किंचाळण्याची हौस भागवून घेतली, कोणाची तरी पट्टी खाली पडली. आणि त्या गोंधळात एक आवाज शांतपणे चालूच राहिला. 'सपाट प्रदेशात आल्यावर नदी संथ होते आणि आपल्याबरोबर आणलेला गाळ काठावर पसरते. या गाळामुळे जमीन सुपीक बनते.' तीन-चार वाक्यं झाल्यावर मुंगीला शांतता जाणवली असावी. ती एकदम गप्प झाली.

क्षणभराने सगळी मुलं खो खो हसायला लागली. "बाई, हिचे डोळे मांजराचे आहेत," एकजण म्हणाला. बुलबुल म्हणाली, "नाही काही. ही नेहमी असंच वाचते. घरी मी मोठ्याने वाचते ना, ते ऐकून ही पाठ करते. सगळं पुस्तक पाठ आहे हिचं."

बाईही हसल्या. यजमान मेणबत्ती घेऊन आले, उजेड झाला, आणि त्या उजेडात बाईंना मुंगी दिसली. ती एकटीच हसत नव्हती. चोरी पकडल्यासारखी ती पुस्तक छातीशी धरून उभी होती. बाईंचं हसू तिथेच विरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंगीला सगळ्यांच्या आधी बोलावलं. टेबलावर ना धडा, ना शुद्धलेखन. बाईंनी स्वयंपाकघरातून कपडे धुण्याच्या यंत्राबरोबर आलेलं माहितीपत्रक आणलं. हे काही बुलबुलने मोठ्याने वाचलेलं असण्याची शक्यता नव्हती.

"हे वाचून दाखव. चुकलं तरी चालेल. मी रागावणार नाही."

मुंगीने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'यंत्र सपाट जागेवर ठेवावे' असं लिहिलं होतं. "य... यत्र... यंत्र. स... सकाळी..." ती थांबली. "सकाळी जागे... ठेव..." पुढे तिला जाता येईना. चार शब्दांची ती ओळ तिने एखादा जडशीळ पेटारा ढकलावा तशी ढकलली, आणि शेवटी सोडून दिली.

बाईंनी हळूच विचारलं, "वाचताना काय होतं गं?"

मुंगीला आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. तिने विचार केला. "शब्द ओळख दाखवत नाहीत, बाई. काल भेटलेले असतात, पण आज परत अनोळखी. मग मी पहिलं अक्षर बघते आणि अंदाज करते."

"आणि पोटात दुखतं ते?"

"ते खरंच दुखतं."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. त्यांना ते त्याच क्षणी माहीत झालं होतं, पण तेवढं खोटं चालून गेलं. त्या दिवशी त्यांनी मुंगीला वेळापत्रकात नसलेली गोष्ट करायला सांगितली. यजमानांबरोबर कॅरम खेळायचा. मुंगीने त्यांना दोनदा हरवलं.

मुलांच्या शिकण्याच्या अडचणी तपासणारी एक तज्ज्ञ गावातल्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा येत असे. बाईंनी दोघी जावांना गाठून सगळं सांगितलं. धाकटी ऐकायलाच तयार होईना. "म्हणजे माझी मुलगी डोक्याने कमी, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"पुस्तकभर धडे ऐकून पाठ करणारी मुलगी डोक्याने कमी कशी असेल?" बाई म्हणाल्या. "मला ते जमणार नाही. तुम्हाला जमेल?"

धाकटी मशिनवरचं कापड उगाच सरळ करत राहिली. थोरलीने मात्र लगेच पदर खोचला. "चला, जाऊ. दोघींनाही तपासून घेऊ. माझीचंही एकदा पक्कं होऊन जाईल."

तज्ज्ञ म्हणजे बाईंची मुलगी शोभेल अशा वयाची, हसऱ्या चेहऱ्याची तरुणी. तिने दोघी बहिणींना वेगवेगळं बसवून काय काय करून घेतलं. ठोकळे, चित्रं, उलटे आकडे, अर्थ नसलेले शब्द वाचणं. दोन-तीन वेळा बोलावलं, शाळेतून माहिती मागवली, मग सगळ्यांना समोर बसवून निकाल सांगितला.

"मुंगीचे डोळे चांगले, कान चांगले, आणि बुद्धी चौघांना वाटून उरेल इतकी. पण अक्षर आणि त्याचा आवाज यांचा सांधा तिच्या डोक्यात पटकन जुळत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात. याला गोळी नाही, आणि हा आळसही नाही. शिकवायची पद्धत बदलली की वाट निघते. फक्त तिला वेळ जास्त लागेल, आणि तो लागू द्यायचा."

"आणि माझी?" थोरली पुढे सरकली.

"तिची झोप कमी पडत होती, आणि अभ्यास कसा करायचा ते कोणी शिकवलं नव्हतं. आता दोन्ही मार्गी लागलंय. बाकी काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"नीट बघितलंत ना?" थोरलीने खात्री करून घेतली. बुलबुलने आईला कोपराने ढोसलं.

बाईंच्या मनात वेगळंच घोळत होतं. "मग सवयी, शिस्त, हे सगळं मी जन्मभर सांगत आले ते फुकटच म्हणायचं?"

"फुकट कसं?" तज्ज्ञ म्हणाली. "बुलबुलला नेमकं तेच हवं होतं. मुंगीलाही सवयी लागतातच, नुसत्या सवयींवर तिचं भागत नाही एवढंच. उलट तुम्ही तिची बैठक इतकी पक्की केलीत, म्हणून तर कळलं की अडचण बैठकीत नाही. नाहीतर मीही म्हटलं असतं, आधी हिला रोज अभ्यासाला बसवून बघा."

एवढ्याने बाईंच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात गेल्या तेव्हा धाकटी मशिनवर मान घालून होती आणि पडद्याची पट्टी वेडीवाकडी शिवली जात होती.

"काय काय बोलले मी तिला," ती म्हणाली. "पाहुण्यांसमोरही बोलले."

"मीही बोलले," बाई म्हणाल्या. "आपण दोघींनी मिळून बोलायचं तेवढं बोलून झालं. मुलीला जवळ घेऊन एकदा सांगून टाका, आणि मग मला मखमलीचे तुकडे द्या. काम आहे."

काम म्हणजे अक्षरं. तज्ज्ञाने सांगितलं होतं की मुंगीला अक्षर नुसतं दाखवू नका, हाताला लागू द्या, तोंडाने उच्चारू द्या. धाकटीने उरलेल्या मखमलीतून सगळी मुळाक्षरं कापून जाड कापडावर शिवली. काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या केल्या आणि त्यांना टिचबटणं लावली. 'क'ला टिच करून मात्रा लावली की 'के', काढली की पुन्हा 'क'. 'घ' आणि 'ध' वेगवेगळ्या रंगांचे. मुंगी डोळे मिटून अक्षरावरून बोट फिरवायची, आवाज काढायची, बटण लावायची. महिनाभरात शिकवणीतल्या लहान मुलांमध्ये त्या अक्षरांवरून मारामाऱ्या व्हायला लागल्या, आणि बाईंना तीही वेळापत्रकात बसवावी लागली.

धडे ऐकून शिकायची तिची चोरटी युक्ती आता राजरोस झाली. बाई स्वतः धडे वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायच्या आणि मुंगी पुस्तक उघडून, ओळीखाली पट्टी धरून ते ऐकायची. तिचा फोन डब्याबाहेर राहतो म्हटल्यावर बाकीच्या मुलांनी अन्याय म्हणून ओरड केली. बाई म्हणाल्या, "हिला तो शिकवतो आणि तुम्हाला तो खातो. ज्याला शिकवायला लागेल त्याने माझ्याकडे अर्ज करावा." अर्ज कोणी केला नाही. एकदा तोंडी परीक्षेची तयारी चालली असताना मुंगी इतिहासाचं उत्तर सांगता सांगता मध्येच थांबली.

"काय झालं? आठवत नाही?"

"आठवतंय. फोनमध्ये तुम्ही वाचताना इथे काकांची शिंक आलीय, ती होऊ दे म्हटलं."

यजमान आतून म्हणाले, "माझी आठवण ठेवणारी एवढी एकच विद्यार्थिनी."

बाईंनी स्वतःही या वयात शिक्षकांसाठीच्या एका प्रशिक्षणात नाव घातलं. तिथे त्या सगळ्यात वयस्कर होत्या, आणि असं निघालं की विद्यार्थी म्हणून त्या अगदीच कच्च्या. गृहपाठ आदल्या रात्रीपर्यंत लांबवायच्या, वाचता वाचता भाजी निवडायला उठायच्या, आणि चाचणी जवळ आली की डोकं दुखतं म्हणायच्या. यजमानांनी एक दिवस गुपचूप रंगीत पेनं घेतली आणि बायकोचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. बाईंनी ते बघून न बघितल्यासारखं केलं, पण त्याप्रमाणे बसायला लागल्या.

शाळेने मुंगीला परीक्षेत जास्त वेळ दिला आणि भाषेच्या पेपरला उत्तरं लिहून घेणारी एक मुलगी दिली. वर्षाखेरीला मुंगी सगळ्या विषयांत पास झाली. पहिली-बिहिली आली नाही. वर्गाच्या मधोमध कुठेतरी. भूगोलात मात्र तिने बुलबुलला मागे टाकलं, आणि बुलबुल दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. धाकटीने गुण बघितले आणि लेकीचे केस विंचरायला घेतले, सकाळी विंचरलेले असूनसुद्धा. थोरली शेजारणीला सांगत होती, "आमच्या मुंगीला डिस्लेक्सिया आहे हो. भारी हुशार मुलांना असतो." हे काही तज्ज्ञाने सांगितलेलं नव्हतं, पण तिला कोण अडवणार.

सुट्टीत एकदा बाई मुंगीला घेऊन मोठ्या ग्रंथालयात निघाल्या, तिथे बोलकी पुस्तकं मिळतात असं कळलं होतं म्हणून. दोघी थांब्यावर उभ्या होत्या. लांबून बस येताना दिसली.

"थांबा बाई, सांगू नका. पाटी मी वाचते."

बाईंनी तोंड मिटून घेतलं. बस थांब्याला लागली. मुंगी बोटाने हवेत अक्षरं गिरवत होती. "ग्र... ग्रं... ग्रंथ..." माणसं चढली, उतरली. वाहकाने घंटी दिली. बाईंचा एक पाय आपोआप पुढे झाला, पण त्यांनी तो मागे घेतला. बस निघून गेली.

"ग्रंथालय चौक," मुंगी म्हणाली. मग बसच्या मागे बघत म्हणाली, "आपलीच होती का?"

"आपलीच."

"पण बरोबर वाचलं ना?"

"अगदी बरोबर."

पुढच्या बसला बराच अवकाश होता. बाईंनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, दोघी बाकावर बसल्या, आणि मुंगीने पुड्यावरचं लिहिलेलं वाचायला घेतलं.